फ्योर्डला वळसा घालताना

नकाशावर ल्युसेफ्योर्ड पाहिला की बेत सोपा वाटतो. नॉर्वेतल्या स्टाव्हांगरजवळची ही समुद्राची ४२ किलोमीटर लांबीची अरुंद पट्टी. एका काठाने जायचं, टोकाला वळायचं, दुसऱ्या काठाने परत यायचं. हटमध्ये मुक्काम करत असा अनेक दिवसांचा वळसा घालता येतो, हे खरं. काठाने मात्र नाही. हिमनदीने खोदलेल्या दरीत समुद्र शिरला की फ्योर्ड तयार होतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी काठ नसतोच, पाण्यातून थेट कडा उठतो. प्रेइकेस्टोलेनचा सपाट माथा पाण्यापासून ६०४ मीटरवर आहे, तर पलीकडच्या शेरागचा कडा हजार मीटरच्या आसपास. वाट या कड्यांच्या वरून, पठारावरून जाते आणि पाण्याकाठच्या मुक्कामासाठी पुन्हा खाली उतरते. फ्लोर्ली या वस्तीला रस्ताच नाही. तिथे बोटीने जायचं, नाहीतर पायी. जुन्या वीजकेंद्राच्या पाइपलाइनशेजारून ४,४४४ लाकडी पायऱ्या तिथून ७४० मीटर वर चढतात. संध्याकाळी उतरलेली उंची सकाळी न्याहारीनंतर व्याजासकट फेडायची.

म्हणूनच ‘रोज वीस किलोमीटर सहज होतील’ हा हिशेब इथे कोसळतो. नॉर्वेत टप्प्याचं माप तासांत पाहायची सवय लावावी, आणि वाटेच्या वर्णनात दिलेल्या तासांत विश्रांती बहुधा धरलेली नसते. दलदल, सुटे दगड, ओले कातळ यांत बारा किलोमीटरलाही अख्खा दिवस जातो. उंचावरच्या वाटांवर जुलै उजाडला तरी बर्फ असू शकतो. काही ओढ्यांवरचे पूल तर फक्त उन्हाळ्यापुरते टाकतात आणि शरद ऋतूत काढून घेतात. त्यामुळे जुलैचा मध्य ते सप्टेंबरची सुरुवात हा काळ नवख्यासाठी बरा. मध्यरात्रीचा सूर्य मात्र इथे शोधू नये. तो आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला दिसतो. जूनअखेरीस अकराच्या सुमारास मावळून पहाटे लवकर उगवणारा सूर्य चालणाऱ्याला पुरेसा आहे.

आपल्या मंडळींचा खास गैरसमज पावसाचा. ‘राजमाचीला धो धो पावसात गेलोय, पावसाचं काय सांगता?’ सह्याद्रीचा पाऊस माणसाला भिजवतो, पण सहसा गोठवत नाही. इथे भर उन्हाळ्यात पठारावर आठ-दहा अंशांत वाऱ्यासह पाऊस लागला आणि अंगात सुती टी-शर्ट आणि जीन्स असली, तर शरीराचं तापमान धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतं. भिजलेलं सूत ऊब धरत नाही. लोकर भिजूनही थोडीफार धरते. नॉर्वेजियन लोकर घालतात ती हौसेने नव्हे. लोकरीचा आतला थर, वारा-पाणी अडवणारं जाकीट आणि सॅकमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कोरडा जोड, एवढ्यावर तडजोड करू नये. वजन कमी करायचंय? मग तंबू आणि स्टोव्ह घरी ठेवा.

कारण ‘हट म्हणजे गडावरच्या गुहेसारखा उघडा निवारा’ हेही चूक, आणि ‘म्हणजे हॉटेल’ हेही. नॉर्वेची पर्यटन संघटना डीएनटी १८६८ पासून आहे. तिच्या पाचशेहून अधिक हट आहेत. काहींत माणसं असतात आणि गरम जेवण मिळतं. काहींत कुणी नसतं, पण कोठारात डबाबंद पदार्थ, ओट्स, पास्ता असतो. उरलेल्यांत पलंग, पांघरूण, भांडी, शेगडी असते; शिधा तुमचा. निर्मनुष्य हटमध्ये पाणी ओढ्यावरून आणायचं, लाकूड फोडायचं, सकाळी झाडून निघायचं. घेतलेल्या सामानाचा हिशेब स्वतः मांडून पैसे भरायचे. पाहणारं कुणी नसतं, तरी ही व्यवस्था चालते, याचं मला त्या कड्यांपेक्षा जास्त कौतुक वाटतं. कुलूपबंद हटची किल्ली सदस्यांना अनामत ठेवून मिळते, परदेशी माणसालाही सदस्य होता येतं. चादरीची पिशवी आपली न्यावी. शाकाहाऱ्यांनी कोठाराच्या भरवशावर न राहता चार पाकिटं सोबत ठेवावीत.

तंबूवाल्यांसाठी एवढंच: १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात मुक्कामाचा हक्क आहे, पण वस्तीच्या घरापासून १५० मीटर दूर, आणि एका जागी दोन रात्रींपर्यंत. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलालगत शेकोटीला सर्वसाधारण बंदी असते.

आता बेत आखायचा कसा? बहुतेकजण मुक्काम जोडत जातात. मी आधी सुटकेच्या जागा खुणावेन. पुढे निघून जायची ईर्ष्या असलेल्यांना हे भित्रेपणाचं वाटतं. नॉर्वेच्या डोंगरी नियमांत मात्र वेळेवर मागे फिरण्यात लाज नाही, असं लेखी आहे. ल्युसेफ्योर्डचा फायदा हा की आत टोकाच्या ल्युसेबोटनला, वाटेत सोंगेसान आणि फ्लोर्लीला बोट मिळू शकते. हवा बिघडली की खाली उतरून पुढचा टप्पा पाण्यावरून कापता येतो. मात्र उन्हाळा सरला की फेऱ्या कमी होतात, म्हणून हटच्या आरक्षणाआधी बोटीचं वेळापत्रक उघडावं आणि वळशात कुठेतरी एक मोकळा दिवस सोडावा.