वीस हजारांचे अलिबाग आणि मोजणीबाहेरची वस्ती

2011 च्या जनगणनेत अलिबाग नगरपालिकेच्या हद्दीत 20,743 माणसे मोजली गेली. 2001 मध्ये ती 19,491 होती. दहा वर्षांत भर पडली 1,252 जणांची, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्याही आत. त्याच दशकात महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला, रायगड जिल्हा एकोणीस टक्क्यांहून अधिक. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, जिल्हा न्यायालय आणि सिव्हिल हॉस्पिटल असलेले हे मुख्यालय जवळपास जागच्या जागी आहे, असे कागद सांगतो. शनिवारी सकाळी कार्लेखिंड उतरणाऱ्या आणि मांडव्याच्या जेट्टीवरून बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रांग पाहिली की हा कागद अपुरा आहे हे कळते. अलिबागची खरी वस्ती किती, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर इथे कोण आले आणि कोण गेले, याच्या मुळाशी जावे लागते.

हा किनारा फार जुना आहे. अलिबागला खेटून असलेल्या आक्षी गावात शके 934 चा, म्हणजे इसवी सन 1012 चा, शिलालेख आहे. अनेक अभ्यासक तो मराठीतला सर्वांत जुना उपलब्ध शिलालेख मानतात. दक्षिणेला चौल, प्राचीन काळापासून परदेशी जहाजांना ठाऊक असलेले बंदर. उत्तरेला नवगाव. बेने इस्रायली या कोकणातल्या ज्यू समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत तिथे फुटले आणि सात पुरुष, सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज कोकणातल्या गावोगावी पसरले. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावेही गावांवरून पडली : नवगावकर, किहीमकर, रोहेकर, पेणकर. अलिबागच्या इस्रायल आळीतले मागेन आबोथ हे प्रार्थनामंदिर 1848 चे. सध्याची वास्तू 1910 ची. 1948 नंतर यातली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. मराठी त्यांनी सोबत नेली. तिकडेही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले. आळीचे नाव मात्र कायम आहे.

अलिबाग नावारूपाला आले ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या घराण्यामुळे. अलिबागसमोरच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांत, 1680 मध्ये सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. ओहोटीला वाळूतून चालत किल्ल्यात जाता येते. भरती आली की चहूबाजूंनी पाणी. तटाजवळ उभे राहून दगडांच्या सांध्यांकडे नीट पाहावे. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचले आहेत, दरजांत चुना नाही. लाट आदळते, पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. समुद्राला अडवण्याऐवजी त्याला थोडी वाट करून देण्याचे हे शहाणपण तीनशे वर्षांहून अधिक टिकले आहे. आत गोड्या पाण्याचा साठा आहे, तोही चहूकडे खारे पाणी असताना. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी किल्ला पडला नाही. आंग्र्यांच्या आरमाराचे हात होते कोळ्यांचे आणि भंडाऱ्यांचे. कान्होजी 1729 मध्ये गेले. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. वारस उरला नाही म्हणून 1840 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा केले, आणि आरमाराचे गाव कचेऱ्यांचे गाव झाले. 1869 मध्ये कुलाबा (आजचा रायगड) हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्याचे मुख्य ठाणे अलिबाग.

या गावाच्या शांतपणाला एकदा विज्ञानानेही दाद दिली. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्रामगाड्या धावणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युतप्रवाहाने नोंदी बिघडतील हे उघड होते. संचालक नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली 1904 मध्ये हे काम अलिबागला आले. इमारत बांधताना लोखंड टाळले गेले, कारण एखाद्या खिळ्यानेही चुंबकसूची हलते. दोन्हीकडच्या नोंदी 1906 पर्यंत बरोबरीने घेतल्या, म्हणून 1841 पासूनची साखळी तुटली नाही. जगातल्या सर्वांत दीर्घ चुंबकीय नोंदींमध्ये ती मोडते. ट्राम सोडाच, अलिबागपर्यंत आजही प्रवासी रेल्वे पोचलेली नाही.

या तालुक्याची जमीन मात्र कधीच शांत नव्हती. खारेपाटातली भातशेती कुळे कसायची आणि पिकाचा मोठा वाटा सारावसुलीचा हक्क असलेला खोत न्यायचा. 27 ऑक्टोबर 1933 रोजी चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला : जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावांची शेते ओस पडली. आगरी कुटुंबांनी जंगलातला लाकूडफाटा विकून आणि खाडीतली मासळी, चिंबोऱ्या धरून दिवस काढले, पण संप 1939 पर्यंत चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कुळांच्या पाठीशी उभे राहिले आणि 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. 1 एप्रिल 1957 चा कृषिदिन कुळांना मालकी देऊन गेला. सातबाऱ्यावर आपले नाव लागावे यासाठी या मातीतली माणसे सहा वर्षे उपाशीतापाशी झगडली होती.

आज त्याच तालुक्यात मांडव्यापासून नागावपर्यंतच्या जमिनी हातोहात विकल्या जातात. मुंबईच्या गेटवेवरून बोटीने मांडवा तासाभराचा. 2020 च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली आणि गाडीसकट येणे सोपे झाले; 2024 च्या जानेवारीत अटल सेतू आला. नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या जागी उंच कुंपणे उभी राहिली. आत बंगला, पोहण्याचा तलाव आणि आठवड्यातले पाच दिवस फक्त राखणदार. जमिनीचा पैसा आला, हे खरे. घर बांधले, मुले शिकली, कुणी होमस्टे काढला. पण जमीन एकदाच विकता येते, आणि पुढची पिढी त्याच कुंपणाआड माळी म्हणून लागते, हेही तितकेच खरे आहे.

जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या राहत्या ठिकाणी मोजते. शनिवार-रविवारचा मालक मुंबईत मोजला जातो आणि त्याचा इथला बंगला रिकाम्या किंवा कुलूपबंद घरांच्या रकान्यात जातो. शिवाय वाढ झाली ती चेंढरे, वरसोली, कुरूळ, थळ, किहीम, नागाव या ग्रामपंचायतींत, नगरपालिकेच्या रेषेबाहेर. म्हणून शहराचा आकडा हलत नाही. नगरसेवकांची संख्या लोकसंख्येवर ठरते, वित्त आयोगाच्या निधीवाटपातही तिला वजन असते. कचरा, सांडपाणी आणि रस्त्यावरचा भार मात्र येणाऱ्या प्रत्येकाचा. पाण्याचा धोका सर्वांत मोठा. किनाऱ्याच्या वाळूत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. रहाटाने वाडी शिंपणारे बेताने पाणी काढायचे. बोअरवेलने भरमसाट उपसा झाला की खालचे खारे पाणी वर चढते. मग शेजारच्या वाडीतली सुपारीही सुकते, आणि ज्याची ती वाडी त्याने पाणी उपसलेलेही नसते.

पुढची जनगणना 2027 मध्ये व्हायची आहे. त्यात अलिबाग तालुक्यातली कुलूपबंद घरे किती हे गाववार वेगळे काढून लोकांसमोर ठेवावे. जिल्हा प्रशासनाने सुट्टीच्या दिवशी जेट्टीवर आणि कार्लेखिंडीत येणाऱ्या माणसांची नियमित नोंद ठेवावी. पाणी, कचरा आणि दवाखान्याचे नियोजन वीस हजारांवर न बेतता, शहर आणि भोवतालच्या ग्रामपंचायती एकत्र धरून, सर्वाधिक गर्दीच्या दिवसावर बेतावे. त्याचा खर्च सुट्टीच्या घरांकडून आणि रिसॉर्टकडून वेगळ्या पट्टीने वसूल व्हावा. हे वावगे नाही. गलबत फुटून आलेले इथे घाणा चालवून राहिले आणि इथली भाषा त्यांनी आपली केली. या किनाऱ्याने राहायला आलेल्याला कधी परत पाठवले नाही. येणाऱ्याने गावाचा भार उचलावा एवढीच त्याची अपेक्षा राहिली आहे, आणि ती आता कायद्याच्या भाषेत मांडण्याची वेळ आली आहे.