भूकंपाचें मोजमाप

धरणीचा धक्का बसला कीं महाड-पोलादपुराकडे पहिला प्रश्न निघतो तो हा : "किती रिश्टरचा होता?" हा आंकडा कसा निघतो, तो काय सांगतो व काय सांगत नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि जाणावें, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहों.

आमच्या गांवांवरून वाहणारी सावित्री व घाटापलीकडील कोयना या दोन्ही महाबळेश्वरीं उगम पावतात. त्या कोयनेवरील धरणाजवळ, कोयनानगर येथें, ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे भूकंप होऊन दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. तें स्थळ आमच्यापासून सरळ रेषेंत ७० ते ८५ किलोमीटरांवर आहे. पुढेंहि त्या भागांत लहानमोठे धक्के बसतच आले.

इ. स. १९३५ त कॅलिफोर्नियांत चार्ल्स रिश्टर या शास्त्रज्ञानें जवळच्या भूकंपांसाठीं एक माप बसविलें. केंद्रापासून १०० किलोमीटरांवर असलेल्या ठराविक यंत्राच्या कागदावर रेघ १ मिलिमीटर हालली, तर भूकंपाचें परिमाण ३ मानावें. १० मिलिमीटर हालली, तर ४. १०० हालली, तर ५. म्हणजे अंक एकानें वाढला कीं रेघेची हालचाल दसपट होते, आणि बाहेर पडणारी शक्ति सुमारें बत्तीसपट.

परंतु यंत्र नेमकें १०० किलोमीटरांवर कोठून असणार? याचीहि युक्ति आहे. भूकंपाची एक लहर शीघ्र येते, दुसरी मागाहून. त्या दोहोंमधील सेकंदांस ८ नें गुणिलें कीं अंतर सुमारें किलोमीटरांत मिळतें. कोयनानगरची दुसरी लहर पोलादपुरास पहिलीमागून सुमारें ९ सेकंदांनीं पोंचेल. अंतर कळलें कीं कोष्टकावरून अंक दुरुस्त करितात. सर्व प्रदेशांतील खडकांत लहरी सारख्या क्षीण होत नाहींत. म्हणून कॅलिफोर्नियाचें कोष्टक आमच्या काळ्या खडकास जसेंच्या तसें लावून चालत नाहीं. फार मोठ्या भूकंपांस तर हें माप अपुरें पडतें; त्यांच्यासाठीं १९७९ पासून निराळें माप प्रचारांत आलें.

परिमाण म्हणजे नुकसान नव्हे, ही गोष्ट मुख्य. कोयनेच्या भूकंपाचें परिमाण सुमारें ६.३ होतें, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाचें सुमारें ६.२. तरीहि किल्लारीकडे साडेसात हजारांहून अधिक जीव गेले. दाट वस्ती केंद्राजवळच होती, आणि दगड-मातीच्या जाड भिंती झोंपलेल्या माणसांवर कोसळल्या. परिमाण एका भूकंपाचें एकच. हादरा मात्र गांवोगांव वेगळा. नदीच्या गाळावरील घर व खडकावरील घर एकाच धक्क्यानें सारखें हालत नाहीं.

उद्यां भूकंप होईल काय, हें कोणतेंहि यंत्र सांगत नाहीं. तशी वार्ता कोणी पसरविली, तर तिजवर विश्वास ठेवूं नये. भूकंपाचा अंक आपल्या हातीं नाहीं. घराची भिंत मात्र आहे. नवें घर बांधतांना तिचे कोपरे नीट सांधले आहेत काय, छपराचें ओझें तिला पेलेल काय, हें पालकांनीं अवश्य पाहावें, अशी आमची विनंति आहे.