तमिळ हरिकथेत मराठी साकी-दिंडी : तंजावरच्या कृष्ण भागवतरांचा वारसा

तंजावर : तमिळनाडूत हरिकथा रंगात आली की कर्नाटक रागांतील कृतींच्या मधोमध साकी, दिंडी, ओवी आणि अभंग ऐकू येतात. श्रोते तमिळ, निवेदन तमिळ. छंद मात्र मराठी. हा मेळ घालण्याचे श्रेय तंजावर कृष्ण भागवतर यांना दिले जाते. तमिळ हरिकथेचे जनक मानल्या जाणाऱ्या या कीर्तनकाराचे 1903 मध्ये निधन झाले.

तंजावरला मराठी कीर्तन नवे नव्हते. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी येथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. समर्थ संप्रदायाचे मठही येथे होते. मात्र 1855 मध्ये शेवटचे राजे दुसरे शिवाजी पुरुष वारसाविना निवर्तले, ईस्ट इंडिया कंपनीने संस्थान खालसा केले आणि कलावंतांचा राजाश्रय संपला. उपजीविकेसाठी त्यांना देवळातील उत्सव, मठ आणि सधन घरांतील मंगलकार्ये यांकडे वळावे लागले. श्रोता हाच त्यांचा आश्रयदाता झाला.

याच काळात रामचंद्रबुवा मोरगावकर यांची मराठी कीर्तने तंजावरमध्ये झाली. त्यांतील गद्य-पद्याची वीण, वेगवान निरूपण आणि प्रसंगागणिक बदलणारे छंद यांनी कृष्ण भागवतर प्रभावित झाले. स्थानिक कथाकथनात प्रवचनाचा भाग मोठा असे. भागवतरांनी मराठी कीर्तनाची बांधणी घेतली, तिला कर्नाटक संगीताची जोड दिली आणि कथा तमिळमध्ये सांगितली. गोपालकृष्ण भारती यांचे 'नंदनार चरित्रम'ही पुढे हरिकथेच्या मंचावर लोकप्रिय झाले.

छंदांची निवड कथेच्या गतीसाठी असते. साकीच्या चरणात 28 मात्रा असून सोळाव्या मात्रेवर विराम येतो. त्यामुळे घटनाक्रम भराभर पुढे सरकतो. दिंडीच्या चरणात 19 मात्रा, नऊ आणि दहा अशा विभागलेल्या. करुण प्रसंग तिच्यात खुलतो. रागाचा सावकाश विस्तार करणारी कृती कथा थांबवते, तर साकी-दिंडी तिला पुढे नेतात. अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 1880 मध्ये पुण्यात रंगभूमीवर आणलेल्या 'संगीत शाकुंतल'मध्येही हेच छंद आहेत. कीर्तनातील एकच ठेवा पुण्यात नाटकाला आणि तंजावरात हरिकथेला उपयोगी पडला.

भागवतरांची परंपरा पुढे अनेक कलावंतांनी चालवली. सरस्वतीबाई यांनी विरोध पत्करून स्त्रियांसाठी हा मंच खुला केला. आज विशाखा हरी यांच्या कथांना मोठा श्रोतृवर्ग लाभतो.

मराठी पदांचे जतन मात्र सोपे नाही. तमिळ लिपीत क, ख, ग आणि घ या चारही वर्णांसाठी एकच अक्षर आहे. वहीत उतरवलेल्या साकीवरून मूळ उच्चार कळत नाही; तो गुरुमुखातूनच शिकावा लागतो. अर्थ समजावून शब्द घोटून घेणारा गुरू नसेल तर चाल टिकते, भाषा पुसट होते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते कागदावरील शब्द सांभाळतात. गायनातील उच्चाराची जबाबदारी शिकवणाऱ्यांवर आणि शिकणाऱ्यांवरच आहे.