गोळीची जवारी

सालारजंग संग्रहालयात ठासणीच्या बंदुका पाहताना काळविटाची शिकार आठवते. छर्र्यांनी काळवीट लांबून नुसते घायाळ होई; म्हणून जाणता शिकारी शिशाची एकच गोळी निवडी. ती नळीहून किंचित लहान. तेलकट चिंधीत गुंडाळून ठासायची. सैल बसली तर नेम जाई, फार घट्ट असली तर वाटेतच अडे. तानपुऱ्याच्या घोडीवरचा दोरा केसभर सरकला की जवारी जाते, तसेच हे! पण तार पुन्हा लावता येते. जखमी जनावर रानात तडफडून मरे. १९७२ च्या कायद्याने काळविटाच्या शिकारीवर बंदी आली. निजामांच्या जुन्या शिकारीच्या रानात १९७५ साली महावीर हरिण वनस्थली झाली. मुलांना एकदा तिथे अवश्य न्यावे.