समुद्र दूर, तरी घरात खाऱ्या पाण्याची टाकी : ‘जिवंत दगड’ विकत नको, घरीच तयार करा

बिदर/कलबुर्गी : गप्पी, गोल्डफिशच्या गोड्या पाण्यातल्या टाक्या सीमाभागात आता कुणाला नवीन नाहीत. पुढची ओढ असते ती केशरी-पांढऱ्या क्लाउनफिशची, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीची. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले तेव्हा समोरच समुद्र होता. बिदर-कलबुर्गीपासून किनारा सरळ रेषेतही साडेतीनशे-साडेचारशे किलोमीटर. म्हणजे पाणी, दगड आणि त्यातले जीवाणू, सगळे घरातच जमवावे लागते. जमते, पण घाई केली की पैसेही जातात आणि मासेही.

‘लाइव्ह रॉक’ म्हणजे काय?

दगड जिवंत नसतो, त्याच्यावर आणि त्याच्या छिद्रांत राहणारे जीवाणू जिवंत असतात. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. तो माशांचे कल्ले जाळतो. दगडावरचे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. शेतात युरिया टाकल्यावर मातीत जे घडते, तेच इथे पाण्यात घडते. दगडाच्या आतल्या छिद्रांत प्राणवायू कमी असतो; तिथले वेगळे जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. थोडक्यात, दगड हाच टाकीचा फिल्टर.

ही पद्धत लोकांपुढे आणली ती इंडोनेशियाच्या ली चिन एंग यांनी. १९६१ मध्ये त्यांनी दगड, समुद्राचे पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवण्याची रीत लिहून प्रसिद्ध केली.

समुद्रातला दगड का नको?

समुद्रातून काढलेला असा दगड बहुधा प्रवाळाचाच असतो. भारतात दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. मेलेले, वाळलेले प्रवाळही त्यातून सुटत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. समुद्री घोडेही संरक्षित आहेत. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे कर्नाटक, महाराष्ट्र, तेलंगणा, कुठेही राहा, नियम तोच. “कोकणातून आणून देतो” म्हणणाऱ्याला नाही म्हणावे. कारखान्यात बनवलेला सच्छिद्र कोरडा दगड किंवा सिरॅमिक दगड घ्यावा आणि बिल मागून घ्यावे.

मग आपल्याकडचाच दगड चालेल का? बिदरच्या किल्ल्याचा जांभा सच्छिद्र दिसतो, पण त्यात लोह भरपूर. टाकीत तो नको. शहाबादी दगड चुनखडीचा असला तरी घट्ट असतो. त्याला छिद्रे कमी, म्हणून जीवाणूंना घर मिळत नाही.

टाकी आणि पाणी

पहिली टाकी फार लहान नको. कमी पाणी लवकर तापते आणि लवकर बिघडते. ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साधारण १९० लिटर पाणी मावते. दगड-काचेसह वजन दोनशे किलोच्या वर जाते, त्यामुळे स्टँड भक्कम हवा. दर दहा लिटरला अंदाजे एक किलो दगड पुरतो.

बोअरचे जड पाणी चालत नाही. घरच्या आरओतही टीडीएस मीटर लावून बघावे. दहाच्या खाली हवा, शून्य असेल तर उत्तम. पाण्यात तांबे सोडणारा ‘कॉपर’ प्युरिफायर असेल तर ते पाणी अजिबात नको. माणसाला चालणारे तांबे गोगलगायी-कोळंबीला मारते.

स्वयंपाकाचे किंवा खडे मीठ नको, मत्स्यालयाचे सागरी क्षारच हवेत. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम योग्य प्रमाणात असते. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार लागतो. वेगळ्या पिंपात पंप लावून एक दिवस ढवळत ठेवावे. रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ आले की पाणी टाकीत घ्यावे.

विरजण आणि वाट

दूध आपोआप दही होत नाही, तसेच इथे. कोणाची टाकी नीट चालू असेल तर तिच्यातली थोडी सिरॅमिक रिंग ओल्या पिशवीत आणावी, हेच विरजण. नाहीतर बाटलीतले जीवाणू मिळतात. जीवाणूंना खाद्य म्हणून कोळंबीचा छोटा तुकडा टाकावा. दिवा बंद, पंप चालू.

आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासा सोडायचा नाही. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. दगडावर तपकिरी थर आला तर घाबरू नये, तो बहुधा आपोआप ओसरतो. मग एक तृतीयांश पाणी बदलून आधी गोगलगायी, नंतर क्लाउनफिशची एक जोडी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. त्यामुळे पैदास केलेलाच मासा मागावा. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा तो टाकीत चांगला रुळतो.

खरी परीक्षा एप्रिल-मेची

टाकीला २५ ते २७ अंश हवेत. कलबुर्गीत उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. पाणी तिशीच्या वर गेले की त्यात प्राणवायू कमी राहतो. टाकीवर छोटा पंखा लावला तर कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. तेवढ्याने भागले नाही तर चिलर लागतो. मात्र पंख्याने पाणी उडते, क्षार मागेच राहतो. म्हणून काचेवर खूण करून रोज साधे आरओ पाणीच घालावे, खारे नाही. बिदरच्या पठारावर थंडीत हीटर लागतो.

लाईट गेली की पंप थांबतो आणि प्राणवायू घटतो. पंप इन्व्हर्टरवर घ्यावा किंवा बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवावा.

म्हणून सुरुवात दिवाळीच्या सुमारास करावी. उन्हाळा येईपर्यंत दगड ‘जिवंत’ झालेला असतो आणि टाकी सांभाळणाऱ्याचा हातही बसलेला असतो.