वही ज्याची त्याची

एकच लेजर दोन कारकुनांना एकाच वेळी हवे असले की काय होते, हे बँकेत काउंटरमागे दिवस काढलेल्यांना सांगायला नको. एक लिहितो, दुसरा खोळंबतो. आणि दोघांनी जुनी शिल्लक धरूनच नोंदी केल्या, तर संध्याकाळी ताळा जुळत नाही. संगणकाचेही दुखणे नेमके हेच.

स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८६ च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग यांनी त्यावर उपाय शोधायला घेतला. रॉबर्ट विर्डिंग आणि माइक विल्यम्स सोबतीला आले. प्रश्न टेलिफोन एक्स्चेंजचा होता. हजारो संभाषणे एकदम चालू, आणि एक बिघडले म्हणून बाकीची तुटता कामा नयेत. त्यांच्या ‘अरलँग’ भाषेत सामाईक लेजर नाहीच! प्रत्येक कॉलला एक चिमुकली ‘प्रोसेस’, तिची स्वतःची वही, स्वतःची टपालपेटी. दुसऱ्याच्या वहीला हात लावायचा नाही. हवे ते चिठ्ठी टाकून मागायचे. शिवाय एकदा लिहिलेला आकडा खोडायची सोय नाही, हे तर कुठल्याही ऑडिटरला आवडावे. एखादी प्रोसेस कोसळली तर सावरत बसायचे नाही, कोसळू द्यायची. देखरेख करणारी प्रोसेस तिच्या जागी नवी कोरी उभी करते. (बदली कारकून मिळायला आम्हाला महिने लागत.)

१९९८ मध्ये एरिक्सनच्या रेडिओ कंपनीने नव्या कामांसाठी या भाषेवर बंदी घातली. त्याच डिसेंबरात ती सर्वांना मोफत खुली झाली. पुढे व्हॉट्सअ‍ॅपने तीच उचलली, आणि २०१२ साली एकेका सर्व्हरवर २० लाख जोडण्या पेलून दाखवल्या. परदेशातल्या नातवाचा फोटो आपल्यापर्यंत येतो तो याच टपालपेट्यांतून.