मालाची तारीफ आणि एक इंग्रजी शब्द

इंग्रजीत पत्रक छापताना आपले व्यापारी बांधव मालाला दोन-तीन भारदस्त विशेषणे लावून मोकळे होतात. त्यांपैकी एक 'टॅन्टलायझिंग'. शब्दकोशात त्याचा अर्थ 'मोह पाडणारे' असा मिळतो. पण तेवढ्यावर तो छापून टाकणे बरे नव्हे, असे आम्हांस वाटते.

टॅन्टलस हा ग्रीक दंतकथेतला राजा. त्याला शिक्षा अशी, की हनुवटीपर्यंत पाण्यात उभे राहायचे आणि डोक्यावर फळांनी लगडलेल्या फांद्या. प्यायला वाकला की पाणी आटायचे, फळाला हात घातला की वाऱ्याने फांदी वर जायची. म्हणजे टॅन्टलायझिंग ती वस्तू, जी समोर दिसते, जीव तिच्यात अडकतो, पण हाती लागत नाही. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ एकेबर्ग यांनी १८०२ साली एका नव्या धातूला टॅन्टलम नाव दिले तेही याचमुळे. त्याचे ऑक्साइड आम्लात बुडवले तरी आम्ल त्याला लागत नव्हते.

म्हणून वासाला हा शब्द शोभतो. शिगेवरच्या कबाबाचा वास रस्त्यापर्यंत पोहोचतो, कबाब मात्र अजून पानात आलेला नसतो. अत्तराचेही तसेच. मिठाईला साधा 'टेम्प्टिंग' चालेल. हिमरूच्या शालीला 'अट्रॅक्टिव्ह' पुरे, आणि खरे सांगायचे तर घाऊक खरेदीदाराला विशेषण नकोच असते. सूत किती, रेशीम किती, हातमाग की यंत्रमाग, हे त्याला आधी सांगा.

किमतीला मात्र हा शब्द लावूच नये. भाव दाखवून माल न देण्याचा वास त्याला येतो, आणि तसे खरोखर करणे कायद्याने महागात पडते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार कमी भावाचे आमिष दाखवणाऱ्या जाहिरातीतला माल त्या भावाने मिळण्याची वाजवी शक्यता असली पाहिजे, साठाही पुरेसा हवा. फसव्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत, पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दुकानात शंभरच नग असतील, तर शंभरच आहेत हे भावाच्या शेजारी ठळक छापावे.